वळचणीचें शास्त्र

जन्मभर ज्यांचे परिणाम भोगावयाचे, असे निर्णय मनुष्याला बहुधा अशा वयांत घ्यावे लागतात कीं, ज्या वयांत त्याला सदऱ्याचा रंगहि धडपणें निवडतां येत नाहीं. पूर्वीं हा मान विवाहाकडे होता. आतां तो अकरावीच्या प्रवेशाकडे आला आहे. प्रवेशाच्या अर्जांत शाखेचा एक रकाना असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें तेथें एक शब्द भरावयाचा आणि त्या शब्दानें पुढील चाळीस वर्षांची वाट आंखली जावयाची! दहावीचा निकाल लागला म्हणजे पावसाला सुरुवात होईपर्यंत आमच्या राजारामपुरींत दुसरा विषय निघत नाहीं.

ज्यांनीं राजारामपुरी पाहिलेली नाहीं त्यांना एवढेंच सांगितलें म्हणजे पुरे कीं, कोल्हापुरच्या ह्या भागांतील गल्ल्या नांवांनीं नव्हे, तर आंकड्यांनीं ओळखल्या जातात. कोणी तिसऱ्या गल्लींत राहतो, कोणी नवव्या. अशा वस्तींत आंकड्यांनाच मान असावा हें क्रमप्राप्तच आहे. वि. स. खांडेकर ह्याच राजारामपुरींत राहत होते व माणसांच्या अंतःकरणांत काय चालतें ह्याचा शोध घेत होते. परंतु आज येथें दाटी दिसते ती शिकवणीच्या क्लासांची आणि दवाखान्यांची. क्लासच्या पाटीवर मुलांचीं छायाचित्रें असतात व प्रत्येक छायाचित्राखालीं ७२० पैकीं मिळालेले गुण. चार पावलें पुढें गेलें कीं डॉक्टरांच्या पाट्या लागतात. त्यांवर नांवापुढें पदव्यांची माळ. पहिल्या प्रकारच्या पाटीवरून दुसऱ्या प्रकारच्या पाटीवर जाणें, ह्यालाच आमच्याकडे आयुष्याचें सार्थक म्हणतात.

ह्या व्यवस्थेंत मानसशास्त्राची जागा कोणती? आमच्या मतें, वळचणीची. पाऊस अवचित गांठतो तेव्हां वाटसरू जवळच्या घराच्या वळचणीखालीं उभा राहतो. त्या घरांत त्याचें कांहीं काम नसतें, घरधन्याशीं ओळख नसते, आणि पाऊस उघडला कीं त्याला निघून जावयाचें असतें. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेंत भिजलेल्या पुष्कळ मुलांना मानसशास्त्राचें घर असेंच उपयोगी पडतें. 'नीट'मध्यें जमलें नाहीं, तर दांतांचें पाहूं; तें नाहीं तर आयुर्वेद, नाहीं तर होमिओपथी; आणि कांहींच साधलें नाहीं तर "सायकॉलॉजी तरी करू दे, तीपण एक प्रकारची डॉक्टरकीच!" हें वाक्य आम्हीं प्राध्यापकीच्या काळांत इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलें आहे कीं, त्यांतील 'तरी' हा शब्द आतां आमच्या कानांत घर करून राहिला आहे. एखाद्या शास्त्राच्या मागें असा 'तरी' लागला म्हणजे त्याची अब्रू गेली असें समजावें.

यंदा मात्र उलट प्रकार पाहण्यांत आला. आमच्याच गल्लींतील एका कापडदुकानदाराची मुलगी दहावीला ब्याण्णव टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. ब्याण्णव टक्के म्हणजे डॉक्टर, हें समीकरण त्या घरांत कोणी मांडलेंसुद्धां नाहीं. तें गृहीतच होतें. आणि मुलगी तर म्हणूं लागली कीं, मला मानसशास्त्र शिकावयाचें आहे. वडिलांना वाटलें, अभ्यासाला भिऊन बोलत असेल. आजीला वाटलें, कोणी तरी कान भरले. शेवटीं दोघेंहि तिला घेऊन आमच्याकडे आलीं.

"सर, तुम्ही तेवढं सांगा हिला," वडील म्हणाले, "तुमचं ऐकतीय ती. डॉक्टर झाली की मग मनाची होऊ दे, नाहीतर दातांची. आधी डॉक्टर तर होऊ दे!"

आजीचा आक्षेप अधिक मुळाशीं जाणारा होता. "मास्तर, वेड्यांच्यात बसून काय करायचंय पोरीनं?"

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनें आपल्या आत्याची हकीगत सांगितली. ती त्या घरांत उघडपणें बोलली जात नसावी, हें वडिलांच्या चेहऱ्यावरून कळत होतें. आत्या चार वर्षांपूर्वीं सासर सोडून माहेरीं आली. प्रथम तिची झोप गेली, मग जेवण सुटलें, मग बोलणेंहि थांबलें. अशक्तपणा असेल म्हणून सलाइन लावून झालें. रक्ताच्या तपासण्या झाल्या. कोणी सुचविलें म्हणून नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा झाल्या. दीड वर्षानें एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलें. त्यांच्या गोळ्यांनीं दोन-तीन महिन्यांत आत्या अंथरुणांतून उठली, दोन घांस खाऊं लागली.

"पण सर," मुलगी म्हणाली, "गोळीनं आत्या उठली. उठून कुठं जायचं, ते तिला कुणी सांगितलं नाही."

दवाखान्यांत पांच मिनिटें मिळत. बाहेर चाळीस माणसें खोळंबलेलीं असत. म्हणून शाळेंतून आल्यावर ही मुलगी रोज आत्याजवळ जाऊन बसे. कांहीं विचारीत नसे, उपदेश करीत नसे, नुसती बसे. कांहीं महिन्यांनीं आत्या आपण होऊन बोलूं लागली. "मला ते काम शिकायचंय," मुलगी म्हणाली. "ते कुठं शिकवतात, सर?"

ह्या प्रश्नाला एका वाक्याचें उत्तर नव्हतें. म्हणून आम्हीं एक कोरा कागद घेतला व दोन्ही वाटा तिघांपुढें मांडल्या. ज्यांच्या घरीं हाच प्रश्न उभा असेल अशा वाचकांसाठीं ती मांडणी येथें देतों.

वैद्यकीची वाट अशी. अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र, मग 'नीट', मग साडेचार वर्षें अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारी. त्यानंतर पुन्हां एका परीक्षेंत पुरेसे गुण मिळाले, तर मानसोपचार ह्या विषयाचीं आणखी तीन वर्षें. बारावीनंतर एकूण साडेआठ वर्षें झालीं. त्यांपैकीं पहिल्या साडेपांच वर्षांत मन हा विषय कांहीं आठवड्यांपुरता भेटीस येतो. बाकीचा काळ हाडें, स्नायू, औषधें, प्रसूति आणि शस्त्रक्रिया ह्यांचा. आणि दारावर गर्दी किती? २०२५ सालीं 'नीट'ला बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम्. बी. बी. एस्.च्या जागा साऱ्या देशांत मिळून लाख-सव्वा लाख.

मानसशास्त्राची वाट दिसावयाला सोपी आहे. पदवीचीं तीन किंवा नव्या धोरणाप्रमाणें चार वर्षें, मग एम्. ए. तें आमच्या शिवाजी विद्यापीठांतहि होतें, त्यासाठीं गांव सोडावयास नको. परंतु नुसत्या एम्. ए.नें कायद्याच्या अर्थानें 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होतां येत नाहीं. २०१७च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें ही संज्ञा कोणाला लावावी हें ठरवून दिलें आहे. तिच्यासाठीं भारतीय पुनर्वास परिषदेनें मान्य केलेलें, प्रत्यक्ष रुग्णांमध्यें राहून घेतलेलें शिक्षण लागतें. पुष्कळ वर्षें तें एम्. फिल्.च्या दोन वर्षांत होत असे. पुढें एम्. फिल्. ही पदवीच मोडींत निघाली. ह्या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून मिळाली आणि तिच्या जागीं नवे अभ्यासक्रम येऊं लागले. घरीं बसून दूरशिक्षणानें मानसशास्त्राची पदवी घेण्याची सोय होती, तीहि २०२५च्या जुलै-ऑगस्टपासून नव्या प्रवेशांना बंद झाली. इतकें सगळें करूनहि औषध लिहून देण्याचा अधिकार नाहीं तो नाहींच. तात्पर्य, लोक जिला वळचण समजतात तेथेंहि आंत शिरावयाला किल्ली लागते, आणि ती किल्ली घडवावयाला जवळजवळ डॉक्टराइतकींच वर्षें लागतात.

येथें वडिलांनीं एक रास्त मुद्दा काढला. सायन्स घेतलें तर पुढें मानसशास्त्राकडे वळतां येतें. आर्ट्स घेतलें तर वैद्यकीकडे परत येतां येत नाहीं. वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं, अशी म्हणच आहे. नियम अलीकडे थोडे सैल झाले आहेत हें खरें. २०२२ मध्यें 'नीट'ची कमाल वयोमर्यादा गेली, आणि २०२३ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्रादि विषय उत्तीर्ण होणाऱ्यांनाहि वाट मोकळी केली. तेव्हां वळचणीचें पाणी आढ्याला चढवितां येतें. परंतु उपशाला वीज किती लागते, हें पंचगंगेचें पाणी माळावर चढविणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला विचारावें!

हिशेब म्हणून वडिलांचें म्हणणें खोडून काढण्याजोगें नव्हतें. मात्र त्या हिशेबांत एक खर्च मांडावयाचा राहून जातो. ज्या मुलाला मुळांत दुसरें कांहीं शिकावयाचें आहे, त्याला "दोन वर्षें नीट करून तर बघ" असें सांगितलें म्हणजे क्लासची फी भरावी लागते व झोप मोडते, एवढेंच होत नाहीं. त्याला रोज न बोलतां शिकविलें जातें कीं, तुला आवडतें तें उरल्यासुरल्याचें काम आहे. पहिल्या पंक्तीला जागा मिळाली नाहीं तर त्या पंक्तीला बसावयाचें आहे. दोन वर्षांनीं तें मूल मानसशास्त्राच्या वर्गांत आलें, तरी तें हरून आलेलें असतें. आमच्या वर्गांतून अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. तीं हुशार असतात, पण त्यांचें चित्त मागें सुटलेल्या गाडीकडे असतें.

ह्याचा भुर्दंड त्या मुलांनाच बसता, तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. तो पुढें एखाद्या आत्याला बसतो. बंगळुरुच्या 'निमहान्स' संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, शंभर प्रौढांपैकीं दहांहून अधिक जणांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत शंभरांतील सत्तराहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोंचतच नव्हते. इतक्या दुःखासमोर बसणाऱ्या मनुष्याचें लक्ष घड्याळाकडे असावें, मनांत 'मी येथें चुकून आलों' हा विचार असावा, ह्यापरतें दुर्दैव नाहीं. ऐकणें हेंच ज्याचें हत्यार, त्याचें मन ठिकाणावर नसेल तर त्यानें काय करावें?

परंतु ज्यांना मनाची ओढ आहे त्यांनींहि देहाला तुच्छ लेखूं नये. कंठांतील थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें म्हणजे भलाचांगला मनुष्य उदास, सुस्त व निरिच्छ होतो. अशाला बसवून त्याच्या बालपणाच्या आठवणी उकरीत राहणें हा अपराध होय. आत्याच्या रक्ताच्या तपासण्या व्यर्थ गेल्या असें तिच्या भाचीला वाटत होतें. आम्हीं तिला सांगितलें कीं, त्या तपासण्यांनीं कोणतें दुखणें नाहीं हें कळलें, आणि तेंहि ज्ञानच आहे. गोळी नसती तर आत्या तुझें ऐकावयाला उठून बसलीच नसती.

देहाच्या वैद्यांचें व मनाच्या अभ्यासकांचें हें भांडण नवें नाहीं. मौज अशी कीं, मानसशास्त्राचे आद्य पुरुष बरेचसे वैद्यकीचेच पदवीधर होते. १८७९ मध्यें लाइप्झिग येथें पहिली प्रयोगशाळा काढणारा वुंट डॉक्टर होता. विल्यम जेम्सनें १८६९ मध्यें हार्वर्डला वैद्यकीची पदवी घेतली आणि जन्मांत दवाखाना घातला नाहीं. आपल्या देशांत गिरींद्रशेखर बोस ह्यांनीं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. कलकत्त्यास डॉक्टर होऊन ते व्यवसाय करीत होते. तेथील विद्यापीठांत १९१६ मध्यें मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हां ते पुन्हां विद्यार्थी होऊन बाकावर बसले, एम्. ए. झाले, आणि १९२२ मध्यें त्यांनीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. घरच्या मंडळींनीं त्या वेळीं काय म्हटलें असेल ह्याची कल्पना राजारामपुरींतील कोणाहि पालकाला सहज करतां येईल.

फ्रॉइडची गोष्ट तर आमच्या विषयाला तंतोतंत लागू पडते. थिओडोर राइक नांवाचा त्याचा शिष्य मानसशास्त्राचा डॉक्टर होता, वैद्यकीचा नव्हता. आपण वैद्यकीहि शिकावी काय, असें त्यानें गुरूला विचारलें, तेव्हां गुरूनें त्याला त्या फंदांत पडूं नको असेंच सांगितलें. पुढें व्हिएन्नांत राइकवर वैदूगिरीचा आरोप आला. फ्रॉइड स्वतः वैद्य असूनहि शिष्याच्या बाजूनें उभा राहिला, आणि १९२६ मध्यें त्यानें ह्याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिलें. मनाची चिकित्सा करणारा डॉक्टरच असला पाहिजे असें नाहीं, हें त्याचें म्हणणें अमेरिकेंतील त्याच्या अनुयायांना पटलें नाहीं; त्यांनीं आपल्या मंडळाचीं दारें बराच काळ वैद्यकीय पदवीवांचून इतरांना बंद ठेवलीं. शंभर वर्षें होत आलीं, तरी वाद मिटलेला नाहीं. तेव्हां कापडदुकानदाराला तो एका संध्याकाळीं सुटला नाहीं, ह्यांत नवल तें काय?

पण दूर कशाला जावें? आपल्या पुण्यांत एकाच घरानें ह्या प्रश्नाचीं तीन उत्तरें दिलीं आहेत. डॉ. अनिता अवचट ह्या वैद्यकीच्या वाटेनें जाऊन मानसोपचारतज्ज्ञ झाल्या व येरवड्याच्या मनोरुग्णालयांत काम करीत होत्या. त्यांचे पति अनिल अवचट ह्यांनीं एम्. बी. बी. एस्. होऊन लेखणी हातीं धरली. दोघांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साह्यानें १९८६ सालीं व्यसनी माणसांसाठीं 'मुक्तांगण' काढलें. १९९७ मध्यें अनिताबाई गेल्या. पुढें ज्या कन्येनें ती धुरा उचलली, त्या मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकलेल्या. तेथें व्यसन सुटलेलीं माणसेंच नव्या रुग्णांना हात देतात. म्हणजे डॉक्टर, लेखक, मानसशास्त्रज्ञ आणि ज्यानें तें दुःख भोगलें तो, असे चौघे एका छपराखालीं काम करतात. त्यांत आढें कोणतें नि वळचण कोणती, हें सांगणें कठीण आहे.

मग निवड कशानें करावी? गुणांनीं करूं नये. गुण दार उघडतात, पण कोणत्या घरांत राहावें हें सांगत नाहींत. पदवीच्या मानानें करूं नये, कारण मान इतरांनीं द्यावयाचा असतो आणि काम आपल्याला रोज करावयाचें असतें. आमच्या मतें, कोणतें दुःख आपल्याला पाहवत नाहीं, हें ज्यानें त्यानें स्वतःला विचारावें. ह्याचा दाखला शोधावयाला कोल्हापुरांतून बाहेर जावयाचें कारण नाहीं. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असतांना त्यांचें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें. तें दुःख त्यांना पाहवलें नाहीं, आणि त्या अमेरिकेस जाऊन १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानानें त्यांची येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली. तेंच आजचें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय. कामावर रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतांना, त्या पुण्यास निवर्तल्या. एकहि रुग्ण त्यांच्या हातून कोल्हापुरांत बरा झाला नाहीं. तरी त्यांची निवड चुकली असें म्हणण्याचें धैर्य कोणाला होईल? कोणासाठीं शिकावयाचें, हें त्यांना घरून निघतांनाच ठाऊक होतें. दुकानदाराच्या मुलीलाहि तें ठाऊक आहे. फरक इतकाच कीं, तिला जें दुःख दिसलें त्याला अजून आपल्या समाजांत धड नांव नाहीं.

आम्हीं त्या दिवशीं निर्णय दिला नाहीं; तो आमचा अधिकारहि नव्हता. आठ दिवसांनीं वडील एकटेच पेढे घेऊन आले. मुलीनें त्या रकान्यांत 'विज्ञान' असें भरलें होतें. ते प्रसन्न दिसत होते, पण पूर्ण प्रसन्न नव्हते.

"सायन्स घेतलंय, सर. पण म्हणती, नीटसाठी न्हवं. मेंदू कसा चालतो ते कळल्याबिगर मन कळत नाही, म्हणून घेतलंय म्हणती. क्लास नकोच म्हणाली."

जो शब्द इतर मुलें दार उघडें राहावें म्हणून लिहितात, तोच तिनें आपलें दार ठरवून लिहिला होता. बारावीपर्यंत तिचें मन बदलेल कदाचित्. ती वैद्यकीकडेहि जाईल. गेली तर तिकडूनहि ती त्याच कामाला येईल असें आम्हांला वाटतें. वडिलांनाहि तीच आशा आहे. दोघांच्या आशेचीं कारणें तेवढीं वेगळीं आहेत.

"आणि आजी काय म्हणाल्या?" आम्हीं विचारलें.

वडील थोडे घुटमळले. "पहिल्यांदा दोन दिवस बोलली न्हाई. मग काल रात्री पोरीला म्हणाली, शीक बाई काय शिकायचं ते. पर शाळा सुटल्यावर आत्याजवळ बसायचं सोडू नगंस."